बारा माणसांचं जेवण

डबे मागायला कोणी घरी आलं की प्रमिला त्याला आधी भाव सांगायची नाही. माणसं किती, मुक्काम किती रात्रींचा, हेही नंतर. पहिला प्रश्न एकच असायचा. "सगळे एकत्र बसून खाणार ना?"

समोरचा गोंधळायचा. त्याची लग्नाची पार्टी परगावी हॉटेलात उतरणार असायची. हॉटेलचं खाणं परवडत नाही, म्हणून इथून बनवून न्यायचं आणि तिथे गरम करून खायचं, एवढ्यासाठी तो आलेला. "हो हो, एकत्रच," म्हणाला तर ती गॅस पेटवायची. "आमच्यातले काही लोक जरा वेगळे..." असं पुटपुटला की संपलं. छत्रीबागेतला एक शेठ तिला म्हणाला, "बाई, तुम्हाला पैशाशी मतलब." ती म्हणाली, "मला माझ्या डाळीशी मतलब आहे. जा भिया, दुसरीकडे बघा." आणि दार लावून घेतलं.

ती माझी बायको. गेली. आता लोक येतात, खुर्चीत बसतात आणि म्हणतात, अन्नपूर्णा होती हो. माझं डोकं फिरतं. अन्नपूर्णा कसली? प्रमिला रागाने रांधायची. तो राग कुठून आला ते लिहितो, नाहीतर ही मंडळी तिच्या फोटोला हार घालून मोकळी होतील.

ती महूची. बाप फौजेत लंगरात आचारी होता. आम्ही जयभीमवाले, आणि त्या काळी आमच्या माणसाच्या हातचं सगळी पलटण एका रांगेत बसून खाते, याचा तिच्या बापाला फार अभिमान. "भूक लागली की जात मरते," हे त्याचं वाक्य. प्रमिलाने ते लग्नात भांड्यांबरोबर आणलं. दोन-तीन दिवस टिकणारं जेवण कसं करायचं, तेही बापाकडूनच आणलं. डाळ घट्ट ठेवायची, पाणी तिथे घालायचं. मीठ हात राखून, कारण दुसऱ्यांदा तापलं की खारट लागतं. बटाटा, नारळ घालायचा नाही. पोळ्यांऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या. भात तर न्यायचाच नाही. "भात दुसऱ्या दिवशी दगा देतो," ती म्हणायची, "पुढाऱ्यासारखा."

मी इंदूरच्या मिलमध्ये मागावर होतो. शेजारच्या मागावर शंकरराव. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मला त्यांच्या घोड्याचा रंग पाठ झाला होता. ते मला बबन म्हणायचे, मी त्यांना शंकरराव. माझ्या बिडीचा झुरका त्यांना चालायचा. माझा डबा चालायचा नाही. मी ते मनावर घेत नव्हतो. प्रमिला घ्यायची.

मग ते दिवस आले. टीव्हीवर बाजार खुला झाल्याचं सांगत होते, नव्या मोटारींच्या जाहिराती लागत होत्या, आणि आमच्या खात्यात निम्मे माग बंद. कंपनी म्हणाली, हिसाब घ्या, म्हणजे देणं असेल ते पैसे घ्या, आणि घरी जा. आमची कमिटी म्हणाली, हिसाब नको, मिल चालवा. कमिटीत बारा जण, पुढारी शंकरराव. कंपनीने बोलणी भोपाळला ठेवली. हॉटेलात खोल्या कंपनीच्या, जेवणखाण कंपनीचं. आम्ही बाराही जणांनी एका तोंडाने नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. एक जरी फुटला तर बाहेरचे हजारो फुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रमिला म्हणाली, "त्यांच्या गादीवर झोपा, पण त्यांचं खाऊ नका. फुकटच्या ताटाला सही चिकटलेली असते. जेवण मी करते. आणि मी बरोबर येते."

शंकरराव हसले. "वहिनी, पिकनिक थोडीच आहे."

"पिकनिक असती तर तुमचं तुम्ही बघितलं असतं."

मी तिला रात्री म्हणालो, अगं, ते आपल्या हातचं खात नाहीत. ती म्हणाली, "माहीत आहे मला. घरी नाही खात. तिथे सगळ्यांच्या पोटावर पाय आलाय. तिथे खातील." बापाचं वाक्य तिने पुन्हा ऐकवलं. दोन दिवस ती चुलीपुढून हलली नाही. डाळ, मटकीची उसळ, भाजलेल्या बेसनाचं कोरडं पिठलं की ज्यात नुसतं गरम पाणी ओतायचं, लसणाची चटणी, दशम्यांचा ढीग. कडीचे डबे, एक जस्ताची बादली आणि पाणी तापवायचा रॉड घेऊन ती आमच्याबरोबर बसमध्ये चढली.

हॉटेलच्या मोरीत तिने बादली भरली, तीत बंद डबे उभे केले, आडव्या काठीला रॉड टांगला. कमिटीतला आमचा वायरमन रफीक डबा हलवायला वाकला, तर कडाडली, "स्विच बंद कर आधी. नाहीतर मिलच्या आधी तू बंद होशील." थोड्या वेळाने मजल्यावरचे दिवे गेले. मॅनेजर धावत आला. "मैडम, यहाँ खाना पकाना मना है."

"पका कौन रहा है भैया? पका के तो इंदौर से लाई हूँ. गरम कर रही हूँ. तुम्हारे यहाँ तो फ्यूज भी ठंडा निकला."

रफीक हसत खाली गेला आणि फ्यूज बांधून आला. खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. तिने बारा ताटल्या मांडल्या. आम्ही सात जण बसलो. पाच उभे राहिले.

"बसा की," प्रमिला म्हणाली.

एक म्हणाला उपवास आहे. दुसऱ्याचं पोट बिघडलं होतं. शंकरराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही उरका, आम्ही जरा खाली जाऊन येतो."

"आज कोणता वार आहे हो, एवढे उपवास एकदम आले?" तिने विचारलं. ते पाचही जण जिना उतरून गेले.

खाली हॉटेलचा हॉल होता. तिथे पुऱ्या होत्या, पनीर होतं, गुलाबजाम होते, आणि त्या टेबलावर कंपनीचा साहेब बसलेला होता. त्याला पाच जणांना वरून बोलवायला जावं लागलं नाही. आमच्यातल्या जातीनेच ते त्याच्याकडे धाडले. साल्याने नुसती खुर्ची मागे ओढली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच, रात्री तेच. बोलणी दिवसा ऑफिसात चालायची, पण खरी बोलणी त्या टेबलावर चालली होती, हे आम्हा सातांना कळत होतं. त्या रात्री प्रमिलाने पाच जणांच्या वाटणीचं गरम केलं, डबे पदराने धरले आणि खाली निघाली. मी मागून गेलो. हॉलमध्ये जाऊन तिने डबे शंकररावांच्या पुढ्यात ठेवले, पुऱ्यांच्या बाजूला.

"हे तुमचं. घरून तुमच्या नावाने आणलंय."

साहेब गोड हसला. "बहनजी, आप भी बैठिए ना, खाना लीजिए."

"मी उभी बरी, साहेब. तुम्ही बसलेल्या माणसाकडून सही घेता."

साहेबाला मराठी कळलं की नाही कोण जाणे. शंकररावांना कळलं. ते खाली बघत हळूच म्हणाले, "वहिनी, समजून घ्या. घरी आई आहे. तिला कळलं की मी..."

"आईला जेवण सांगणार नाही तुम्ही. सही सांगणार का?"

त्यांनी डब्याची कडी उघडली नाही. उघडली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही करतो. सकाळी हिसाबाच्या कागदावर पाच सह्या झालेल्या होत्या. मग आम्ही सात कशावर उभे राहणार होतो? संध्याकाळपर्यंत बाराही झाल्या. मिलला कुलूप लागलं. घरोघरी चुली विझल्या. काहीजण दारूत गेले, काही रेल्वेच्या रुळावर. लोक म्हणतात बाजार खुला झाला म्हणून मिल गेली. गेली असेल. पण मी भोपाळला होतो. मी पाच ताटल्या रिकाम्या पाहिल्या आहेत.

परतीच्या बसमध्ये प्रमिला भरलेले डबे मांडीवर घेऊन बसली होती. देवासच्या पुढे आल्यावर बोलली. "बाबा चुकले. फौजेत सगळे एका रांगेत खायचे, कारण तिथे दुसरा हॉल नव्हता." तिने बापाचं ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्याच जेवणावर नंतर आमचं घर चाललं. मी हातगाडी ओढली, पण खरं चालवलं तिने. लग्नवाले, परीक्षेला बाहेरगावी जाणारी भंवरकुआंच्या कोचिंगची पोरं, दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये राहणारे, सगळे तिच्याकडे यायचे. पोरांना ती सांगायची, "एकट्याने खाल्लंस तर डाळ नासेल." पोरं खरं मानायची. शंकरराव एका कोचिंगच्या गेटवर चौकीदार झाल्याचं कानावर आलं. ती म्हणाली, "बसायला खुर्ची दिली असेल ना?" तेवढंच.

तिला दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या सकाळी उठली नाही. दवाखान्यात नेलं. तिथे आधी फॉर्म भरा म्हणाले. भरेपर्यंत संपलं होतं. त्यांच्यावरचा राग वेगळा, तो लिहीत नाही.

आठव्या दिवशी शंकरराव आले. काठी टेकत, श्वास लागलेला. आई केव्हाच गेली त्यांची. माझ्यासमोर बसले, टोपी काढली, डोळे पुसले. म्हणाले, "बबनराव, वहिनींच्या हातचं खायचं राहूनच गेलं."

आयुष्यात पहिल्यांदा मला राव लावलं.

"राहून गेलं नाही," मी म्हणालो. "वाढलं होतं. गरम करून तुमच्या पुढ्यात ठेवलं होतं. तुम्ही उघडलं नाही."

माझ्या सुनेने चहा आणला. त्यांनी कप घेतला आणि सगळा चहा प्यायले, सावकाश, तळाशी थेंब न ठेवता. मी त्यांच्या घरी दोनदा चहा प्यायलो होतो आणि दोन्ही वेळा कप मीच नळाखाली विसळून ओसरीवर पालथा घातला होता.

ते गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, आज आई हव्या होत्या. बघून बरं वाटलं असतं त्यांना."

मी म्हणालो, "बरं कसलं? कप त्याच्याकडून धुवून घेतला असता तिने."