सदाभाऊंचं घुबड

सदाभाऊंनी हौसेने दाखवायला आणलेलं प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं मी भिंगाखाली धरलं. त्यावरचं घुबड टक लावून माझ्याकडेच बघत होतं. चांदी खरी आहे का हे बघायला कुण्या जुन्या व्यापाऱ्याने त्याच्या डोक्यावर छिन्नीचा घाव घातला होता. दुसऱ्याच्या हातातलं अस्सल माणसाला तेव्हाही सोसत नसावं. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला बारीक सांधा असतो. मी कडा पुन्हा पुन्हा फिरवून बघितली, तो कुठेच दिसेना.

“खरं आहे ना हो?” सदाभाऊंनी विचारलं.

“मला शंका वाटते,” मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं.

सांधा नेमका कुठे शोधायचा, हे मला पाठ आहे. माझ्या कपाटातल्या घुबडाला तो आहे.