काकांचा पाय

माधव नगरात आमच्या शेजारी नगरकडचं एक मराठी ख्रिस्ती जोडपं राहायचं. काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकू नर्स होत्या. शुगरमुळे काकांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काकूंनी तो डॉक्टरांकडून मागून घेतला, छोट्या लाकडी पेटीत ठेवला आणि कब्रस्तानात पुरला.

आमच्या घरी अस्थी क्षिप्रेत सोडल्या की देहाचा विषय संपतो. मी काकूंना विचारलं, "देव मातीतून अख्खा माणूस उठवणार म्हणता, मग त्याला एक पाय सापडणार नाही?"

"सापडेल की," काकू म्हणाल्या. "पण त्याला जे परत हवंय, ते आपण कचऱ्यात कसं टाकायचं?"

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी काकांनी मला हाक मारली. म्हणाले, "माझा पाय भिजलाय."

मी त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"हा नाही, तो. बोटांत गारवा शिरतोय."

पाय कापल्यावर असे भास होतात, असं म्हणून काकूंनी गोळी दिली. तीन दिवस काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी बँकेतून सुट्टी घेतली आणि दोघांना ऑटोनं कब्रस्तानात नेलं.

उन्हानं तिथली जमीन जागोजागी तडकली होती. फक्त त्या एका जागेची माती काळी, ओली होती. चौकीदार म्हणाला, खालून नळाची लाइन गेलीय, फुटली असेल. काकू म्हणाल्या, "खोदा."

काकांना बघवणार नाही म्हणून मी त्यांची खुर्ची सावलीत, भिंतीकडे तोंड करून मांडली होती. हातभर खाली पेटी दिसली. झाकणापर्यंत पाणी होतं. चौकीदारानं ती आवाज न करता उचलली आणि बाहेर कोरड्या मातीवर ठेवली. आम्ही कुणीच काही बोललो नव्हतो.

"हां," पाठमोरे काका म्हणाले. "आता बरं वाटलं."

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. पेटी वरच्या अंगाला, कोरड्या जागी पुरली. परतताना ऑटोत काका झोपून गेले. काकू हळूच म्हणाल्या, "नर्सिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं गं."

दोन वर्षांनी काका गेले. त्यांना तिथेच पुरलं, उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून पाय पूर्वेकडे करून, आणि ती पेटी गुडघ्याखाली नीट लावून ठेवली.

त्यानंतरच्या ईस्टरला काकूंनी मला सोबत बोलावलं. उजाडायच्या आधीच कब्रस्तानात माणसं जमली होती, प्रत्येक कबरीवर मेणबत्ती होती. गाणं संपलं आणि सगळे पूर्वेकडे बघत गप्प उभे राहिले, स्टेशनवर गाडीची वाट बघतात तसे. काकूंचा चेहरा शांत होता. वारा नव्हता. माझ्या चपलांखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली. मी दोन पावलं बाजूला सरकले.