बुधाजी मेस्त्रीची भिंत

आमच्या यांना लालबागेत सगळे बुधाजी मेस्त्री म्हणतात. मी नाव घेत नाही. साध्या बोलण्यात 'अहो', आणि भांडण पेटलं की 'जयवंताचे बाबा'. माणूस कसा विचाराल, तर हट्टी. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

ब्याऐंशीला संप झाला तेव्हा हे मिलच्या साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे माग. तो बिघडला की हात घालायचा तो यांनी. पुढे माणसं थकली, एकेक करून कामावर जायला लागली. यांनाही निरोप आला, मागच्या गेटने या, कोण बघत नाही. हे म्हणाले, "गेलो तर पुढच्या गेटने, बॅन्ड लावून. नाहीतर नाही." मग नाहीच गेले. मिल बंद पडली ती पडलीच. घर चाललं ते माझ्या डब्यांवर. बांगडे तळून तळून माझ्या लुगड्याला वास बसला तो बसलाच. कौतुक करू नका, पण विसरूही नका.

यांनी आमच्या गल्लीतच गॅरेज टाकलं. गाड्यांतलं तेव्हा काही येत नव्हतं. पहिल्याच टॅक्सीचं इंजिन परत जोडलं तर एक बोल्ट हातात उरला. तो मी भिंतीत ठोकून त्यावर किसणी टांगली. पण इंजिनातला कॅमशाफ्ट बघितला आणि हे हसले. म्हणाले, "अगो, हे तर आमचं टॅपेट." मागावर टॅपेट धागे वर उचलतं आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. धोटा आत असताना धागे खाली आले की सगळा सत्यानाश. इंजिनात कॅमशाफ्ट तसाच व्हॉल्व उघडतो, मिटतो. वेळ चुकली की खेळ खलास.

आता यांची एक खोड सांगते. ब्रेकचं काम केलं की हे गल्लीच्या टोकाला जातात. तिथे मिलची भिंत आहे, यांच्याच मिलची. तिला पाठ लावून उभे राहतात आणि गाडीवाल्याला सांगतात, "ये अंगावर. आणि थांब." मी देवाची शपथ घातली, जेवण टाकलं, माहेरी जाते म्हणाले. हे म्हणतात, "माझ्या ब्रेकसमोर मी उभा राहणार नाही, तर कोण राहणार?"

मुलगा जयवंत, तोही यांच्याच हाताखाली तयार झाला. खाण तशी माती. स्वतःच्या कमाईने जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि कुर्ल्याच्या भंगारातून टर्बो आणून तिला बसवला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, गाडी पळते. हे वरून कपाळाला आठ्या घालत होते, पण त्याचा पाइप वाकवून दिला तो यांनीच. मी बघितलं ना.

मग जयवंत रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट घेऊन आला. त्याने म्हणे गाडी उभ्या जागी थरथरते, ढगढग आवाज करते. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला लोकांनी माना वळवून बघितलं पाहिजे, एवढंच याचं म्हणणं.

यांनी त्याच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि कॅम खाली ठेवला. "हा नको."

"का नको?"

"याने दोन्ही व्हॉल्व फार वेळ एकदम उघडे राहतात. टर्बोने कोंबलेली हवा तशीच सायलेन्सरला जाणार. आणि सिग्नलला उभा राहशील तेव्हा इंजिनाला ओढच राहणार नाही. तुझा ब्रेक त्या ओढीवर चालतो, व्हॅक्यूमवर. ओढ नाही तर पेडल दगड."

"एवढे लोक लावतात ते काय मेले?"

"मेलेले सांगायला येत नाहीत."

जयवंतची सटकली. "बाबा, तुम्हाला फक्त नाही म्हणायला येतं. मिलला नाही, आता मला नाही."

हे काळेठिक्कर पडले. मग म्हणाले, "बसव तुझा तू. मी हात लावणार नाही. पण गाडी इथून जाणार ती भिंतीसमोर थांबून दाखवूनच. नियम तो नियम."

त्याने बसवला. रविवारी सकाळी गाडी चालू केली तर माझ्या मांडणीतली भांडी वाजायला लागली. सगळी चाळ गॅलरीत आली. यांनी शांतपणे हात धुतले, टॉवेलला पुसले आणि भिंतीकडे चालायला लागले.

"बाबा, बाजूला व्हा," जयवंत ओरडला.

"का रे? चांगला आहे ना तुझा कॅम?" हे भिंतीला पाठ लावून उभे. "ये अंगावर."

आणि तो मेला खरंच गाडीत जाऊन बसला. मी दोघांची तोंडं बघितली. यातला एकही वाकणार नव्हता. हे मिलसमोर वाकले नाहीत ते पोटच्या पोरासमोर कुठले वाकतात. मी हातातला झारा टाकला, खाली उतरले, दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"आई, तू उतर."

"कशाला? चल की. दोघं मिळून उडवू त्यांना. एकाचा हट्ट मी जन्मभर निभावलाय, दुसऱ्याचाही बघते."

मला त्याचा पाय दिसत होता. उभ्या गाडीतच त्याने ब्रेक दाबला, गेला खाली. परत दाबला, अर्धाच गेला. तिसऱ्यांदा दाबला तर मांडीच्या शिरा वर आल्या, पेडल जागचं हललं नाही. समोर बाप उभा, डोळे उघडे ठेवून. जयवंतने चावी फिरवली, गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग होता, पण ठेवला.

हे भिंतीकडून परत आले. संध्याकाळी दोघं लादीवर बसून दुसरे कॅम हाताने फिरवून बघत होते. या वेळी निवडला जयवंतने. उंचवटे बेताचे, दोन्ही व्हॉल्व जेमतेम एकत्र उघडणार. गाडी आता उभी असली की शिवणयंत्रासारखी चालते, कोणी मान वळवत नाही. पळायला लागली की मात्र बघावं.

ब्रेक बघायची वेळ आली. हे सवयीने भिंतीकडे निघाले, तर जयवंत आधीच तिथे उभा.

"तुम्ही चालवा, बाबा. कॅम मी निवडलाय, मी उभा राहणार. नियम तो नियम."

हे गाडीत बसले. ब्रेक दाबून बघितला. परत बघितला. खाली उतरून चाकं बघितली, परत बसले. संपाला न भ्यालेला माणूस, कपाळावर घाम. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "कळलं आता? इतकी वर्षं मी गॅलरीत कशी उभी राहिले ते?"

गाडी निघाली, पोराच्या अंगावर गेली आणि वीतभर अलीकडे थांबली. जयवंत हलला नाही. गाडी बंद झाली तरी हे बराच वेळ आतच बसून होते.

उतरल्यावर मला म्हणाले, "चहा टाक."

मी म्हटलं, "जयवंताचे बाबा, आज तुम्हीच टाका."

आणि टाकला हो त्यांनी. साखर विसरले, पण टाकला.