ओट्यामागच्या सोळा टाइल्स

मंडळी, आमच्या घराण्यात कुणी भूत पाहिल्याची नोंद नाही. आलंच असतं, तरी "कोण पाहिजे?" असं विचारून त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. अमावस्येला गाडीपुढे नारळ फोडणाऱ्यांची मी जन्मभर थट्टा केली. तेव्हा पुढचं वाचून "काका, काय घेतलं होतं?" असं विचारू नका. चहा घेतला होता.

मोबाइलवर इनकमिंगचे पैसे पडणं नुकतंच बंद झालं होतं, तेव्हाची गोष्ट. पिंपरीच्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन मी घरी बसलो होतो. घर वारज्यात, दुसऱ्या मजल्यावर. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नारायण पेठेत. मध्ये अख्खी मुठा नदी आणि कर्वे रस्त्याचं ट्रॅफिक. दोघांचे फ्लॅट एकाच वर्षी झाले, आणि दोन्ही स्वयंपाकघरांसाठी वडिलांनी टाइल्स एकाच लॉटमधून उचलल्या. पांढऱ्या, सहा बाय सहा, मधोमध द्राक्षाच्या घडाची एक. टेम्पो आधी पेठेत थांबला, मग वारज्यात. गवंडीही एकच. त्यामुळे ओट्यामागच्या दोन भिंती म्हणजे जुळ्या बहिणी.

दादाचा मुलगा आयटीत लागला आणि दादाच्या जिभेला, जी मुळातच धारदार, सहाण मिळाली. गौरीच्या जेवणाला मी सहज म्हणालो, स्वयंपाकघर नवीन करायचंय.

"आम्ही करू तेव्हा माणसं लावू," दादा म्हणाला. "तू हातानेच काढ टाइल्स. कंपनीने तुला वेळच वेळ दिलाय."

सगळी पंगत हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून छिन्नी आणि हातोडी आणली.

काम सांगतो, सोपं आहे. डोळ्यांवर स्कूटरचा गॉगल चढवायचा. छिन्नीच्या बोथट टोकाने टाइल्सवर टकटक करत जायचं. पोकळ वाजेल ती पहिली. ती निघाली की शेजारणीच्या कडेखाली छिन्नी सरकवायची. दुपारपर्यंत सिंकजवळच्या, खालच्या रांगेतल्या सात निघाल्या. राडारोडा पोत्यात भरतोय, तोच दादाच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. माझ्या बायकोने, मंगलने, घेतला.

"वहिनींच्या टाइल्स पडल्यात म्हणे," ती येऊन म्हणाली. "आपोआप. सिंकजवळच्या सात. खालची रांग."

मी भिंतीकडे पाहिलं. मंगलनेही पाहिलं.

"योगायोग," मी म्हणालो. शिकलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम द्राक्षाचा घड काढला. टाइल हातातून ओट्यावर ठेवायच्या आत फोन वाजला.

"भावजी, तो आपला गवंडी कुठे असतो हो हल्ली? आमची द्राक्षं पडली बघा आत्ता."

सज्जन माणसाने इथे हातोडी खाली ठेवली असती. मी मात्र चहा टाकला, खुर्ची भिंतीसमोर ओढली आणि उरलेल्या टाइल्सकडे असा पाहत बसलो, जसा कुणी दिवाळीच्या ताटाकडे पाहतो...

पुढचे आठ-दहा दिवस, खोटं कशाला सांगू, फार मजेत गेले. दादाचा चहा बरोब्बर चारला असतो. मी चारला एक काढायचो. रविवारी त्याच्या मुलासाठी मुलीकडचे येणार होते. मी ओळीने पाच काढल्या. शिऱ्यात कपची सापडली, आणि सापडली तीही मुलीच्या वडिलांना. वहिनी फोनवर रडल्या. मंगल त्यांची समजूत घालत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"बास करा हं आता," फोन ठेवून ती म्हणाली. "कुणाला तरी लागेल."

"मी काय करतोय? माझ्या घरातल्या टाइल्स काढतोय."

"दादांनी चारचौघांत बोलायला नको होतं, कबूल. पण तेवढ्यासाठी?"

मी छिन्नी उचलली. एका गुरुवारी सकाळी वहिनींचा पुन्हा फोन. या खेपेला मीच घेतला.

"भावजी, तुम्ही तरी समजवा ह्यांना. ओट्यावर चढून बसलेत. हात भिंतीला लावून धरलाय. म्हणतात, आता बघतोच कशी पडते."

फोन मी मान वाकडी करून खांद्यात धरला. दोन्ही हात मोकळे.

"कुठल्या टाइलवर हात आहे?"

"वरची रांग. खिडकीकडून तिसरी. का हो?"

"सहज," मी म्हणालो, आणि ठोका घातला.

टाइल फुटल्याचा आवाज मी दोन्ही कानांनी ऐकला. एका कानाने माझ्या भिंतीवरचा, दुसऱ्याने पेठेतला. मग काहीतरी जड खाली पडलं. मग वहिनी.

फुटलेल्या टाइलला वस्तऱ्यासारखी धार असते. दादाचं मनगट खोलवर कापलं होतं. हात वाचला, तीन बोटं कायमची गेली, म्हणजे आहेत, पण नुसती लटकतात.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दादा माझ्या नखांकडे पाहत होता. नखांत पांढरं सिमेंट होतं.

"किती राहिल्यात?" त्याने विचारलं.

"कशाच्या?"

"सोळा," तोच म्हणाला. "माझ्याकडेही तेवढ्याच आहेत. आता त्या कधी काढायच्या, ते मी बघतो."

त्याला कसं कळलं, मी आजवर विचारलेलं नाही.

माझ्याकडच्या सोळा गॅसच्या वरच आहेत. बाकी भिंत नवी झाली, त्या तशाच ठेवल्या. मी एकदा त्याला म्हटलं, एकदाच्या काढून टाकतो, विषय संपेल.

"काढ ना," दादा म्हणाला. "इथे त्या वेळी तुझी वहिनी पोळ्या करत असेल. किंवा नसेल."

आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो. "उद्या माणसं लावलीत टाइल्स काढायला. तुमच्या ओट्याशी कोण असेल, मंगलच ना?" दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर जेवतो. माणसं काही येत नाहीत. उलट्या बाजूनेही हे चालतं का, तेही ठाऊक नाही. सिव्हिल इंजिनिअर मित्राला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "जुनं सिमेंट." मी म्हटलं, नदी ओलांडून? तो घड्याळाकडे पाहायला लागला. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. मला इतक्या वर्षांत काही सुचलेलं नाही.

आज सकाळीही फोन आला होता.

"मंगलला दे जरा," दादा म्हणाला.

"घरात नाहीये ती."

माझ्या मागे कढईत मोहरी तडतडली.

"मग फोडणी कोण देतंय रे?"

त्याच्या मागे टकटक ऐकू येत होती.