तांब्याचा वायसर

इंजिनाचा प्लग हातात आला की दादा तोंडातली सुपारी एका गालात सरकवत, डावा डोळा मिटत आणि प्लग आभाळाकडे धरून आत बघत. आजूबाजूचे सगळे माना पुढं काढत. मग निकाल लागे, "उपाशी पलवलास रं हिला."

गाडीचा मालक, मग तो खारघरचा डॉक्टर असो नाहीतर पनवेलचा बिल्डर, मान खाली घालून उभा राही.

सीवूड्सच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी जमणारी ही मंडळी तुम्हीही कधी पाहिली असतील. निदान तो कर्कश आवाज ऐकून खिडकी तरी लावून घेतली असेल. हातभर लांबीच्या गाड्या, रिमोटवर चालणाऱ्या. पण खेळण्यातल्या नव्हेत. त्यांना खरं इंजिन असतं, मुठीत मावेल एवढं. त्याच्या डोक्यावर बोराएवढा प्लग. प्लगच्या आत केसासारख्या तारेचं वेटोळं. सुरुवातीला बॅटरी लावून ती तार लाल करायची, दोरी ओढून इंजिन चालू करायचं आणि बॅटरी काढून घ्यायची. त्यानंतर इंजिन चालू आहे तोवर तार आपली आपण पेटती राहते. तार विझली की गाडी मेली.

त्या तारेचे सगळ्यांत मोठे जाणकार म्हणजे हे दादा. त्यांचं नाव सांगत नाही. मैदानावर सगळे दादाच म्हणत. करावे गावातले, साठी ओलांडलेले. वाडवडील खाडीत जाळं टाकणारे, यांच्या वाट्याला खोल्यांची भाडी आली. भाच्यानं दुबईहून एक गाडी आणली होती. भाच्याला महिन्याभरात कंटाळा आला आणि मामा अडकले ते कायमचे.

मी जुईनगरला राहतो. नोकरी शिरवण्याकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. रविवारी घरात माझं कुणाशी फारसं बोलणं होत नसे, म्हणून चालत सुटायचो. असाच एकदा आवाजाच्या मागावर तिथं पोचलो. नुसता बघत उभा राहिलो. तीन-चार रविवार गेल्यावर त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "गाव कंचा?"

"सातारा."

"मंग सातारकर, नुसता बगतंस काय? ती बाटली दे इकरं."

त्या दिवसापासून मी सातारकर झालो आणि इंधनाची बाटली द्यायच्या कामावर लागलो.

हळूहळू त्यांनी मला तार वाचायला शिकवली. ओली, चकचकीत असेल तर इंजिनाला इंधन जास्त होतंय. करडी, मंद झालेली असेल तर पोट भरलंय, झोपही झालीय. वेडीवाकडी झाली असेल तर उपाशी पळवली, म्हणजे इंधन कमी पडलं. धुरावरही त्यांची नजर असे. वळणावर निळसर धुराची बारीक रेघ दिसली पाहिजे. ती नाही दिसली की ते तिथूनच ओरडत, "धूर कुठं हाय? मारतंस काय तिला!"

खेळ संपला की टाकीतलं उरलेलं सगळं जाळून टाकायचं, प्लग काढायचा, त्या भोकात तेलाचे थेंब सोडायचे आणि इंजिन हातानं फिरवून घ्यायचं. खाडीची हवा, आत लगेच गंज धरतो. बाकीचे कंटाळा करत. हे करत नसत. घरून जेवायला फोन आला तरी म्हणत, "हिला निजवतो, मंग येतो." फोनवर काकूंचा आवाज आम्हालाही ऐकू येई, "तिलाच वाढायला सांगा मग!"

त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या प्लगला मात्र कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. जी भाच्याची गाडी, तीच. लाल रंगाची, कवच चार ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेलं. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढं जे घडलं त्याचं ओझं कशामुळे झालं ते कळावं.

त्या रविवारी पुण्याची मंडळी आली होती. शर्यत ठरली. दादांनी सकाळपासून कान लावून इंजिन जुळवलं होतं. ऐन वेळी तार नीट पेटत नाहीये असं वाटलं. तेवढ्यात प्लॉटच्या तोंडाशी टेम्पोवाल्याशी कुणाची तरी जुंपली आणि मिटवायला दादांनाच बोलावणं आलं. जाताजाता त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "नवा प्लग घाल. सांबालून."

इतक्या लोकांसमोर माझ्या हातात!

प्लगखाली तांब्याचा एक वायसर असतो. नखाएवढी चकती. जुना प्लग काढताना तो कधी प्लगला चिकटून येतो, कधी इंजिनातच बसून राहतो. मला प्लगवर दिसला नाही. इंजिनातच असेल असं धरून चाललो. वाकून बघायचं राहिलं. नवा प्लग पिळला. दादा आले, दोरी ओढली, गाडी सुटली.

आणि मग मला तो दिसला. माझ्या बुटाशेजारी, खडीत.

वायसर नसला की प्लग पिस्टनच्या फार जवळ जातो, आतला दाब वाढतो. मला हे माहीत होतं. एक हाक मारली असती तर त्यांनी गाडी थांबवली असती. पुण्याचे लोक शेजारी उभे होते. मी वायसर उचलला आणि मुठीत धरून राहिलो.

गाडी पुढं होती. पाचव्या की सहाव्या फेरीत आवाज एकदम चढला, किंचाळला आणि तुटला.

मी सगळ्यांच्या आधी धावलो. प्लग मीच काढला. दादा पोचायच्या आत मुठीतला वायसर त्या प्लगशेजारी फडक्यावर ठेवला, जणू आत्ताच निघालाय.

हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

त्यांनी प्लग आभाळाकडे धरला. तारेचा चुरा झाला होता. तिचे तुकडे आत पडून पिस्टनला चरे गेले होते. मग स्वतःशीच म्हणाले, "मीच उपाशी पलवली. धूर दिसलाच नाय मना."

पुढच्या रविवारपासून त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या घेणं बंद केलं. कुणी इंजिन पुढं केलं की म्हणत, "दुसऱ्याला दाव. माजा डोला गेला, कान गेला, हातबी गेला." लोकांना थट्टा वाटली. दादा खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसत. नंतर खुर्चीही येईनाशी झाली.

मी करावेला गेलो तोवर मधे बरेच रविवार गेले. दादा ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदू काढून आले होते. वर्षानुवर्षं ज्या ऑपरेशनला घाबरून टाळत होते, ते त्या धुरापायी करून घेतलं होतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मूठ, फडकं, सगळं.

ते आधी हसले. "म्हंजे डोला बरा व्हता माजा? उगाच कापला?"

आतून काकू म्हणाल्या, "कसला बरा! शेजारनीला मी समजून हाक मारलीव ती कोनी?"

मग हसू थांबलं. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. "वायसर कोनबी विसरंल. मी विसरलोय. पन तू तो प्लगच्या बाजूला नेऊन ठेवलास, सातारकर." ते आपले तळहात उलटसुलट करून बघत राहिले. "या हातांना मी काय काय बोल्लो रं."

मला वाटलं, आता चालता हो म्हणतील. मी निघालो.

"बस. चाय यतंय." कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "इंजिन खोलाया पायजे. येतंस ना?"

नवा पिस्टन आला, गाडी पुन्हा पळू लागली, खुर्चीही आली. माझी चूक त्यांनी मैदानावर कुणाला सांगितली नाही. फक्त एक नियम काढला. कुणाचीही गाडी असो, प्लग बसवताना आधी ओरडायचं, "वायसर हाय!" मग दादा खुर्चीतून, चष्माबिष्मा न लावता, एवढ्या लांबून, मोठ्या मिजाशीत उत्तर देणार, "दिसला!" त्याशिवाय पाना फिरवायचा नाही. माझ्या वेळी ते जरा जास्तच जोरात ओरडत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. झोपेतच.

आम्ही अजून जमतो. प्लग हातात घेतो, ओरडतो, "वायसर हाय!" आणि पाना तसाच धरून थोडं थांबतो. नवीन आलेल्यांना कळत नाही. "काका, थांबलात कशाला? लावा की."

"लावतो रे," मी म्हणतो. "जरा दम धर."