मिनरल वेल्सच्या रस्त्यावर राहिलेला कॅमेरा

अमेरिकेला पोराकडे निघालो तेव्हा आमच्या मंडळींनी मेतकूट आणि चटणीबरोबर एक काम पदरात घातलं. तिचे गुडघे गेलेत, विमानात इतका वेळ बसवत नाही, म्हणून मी एकटाच निघालो होतो. पिशवीला गाठ मारता मारता ती म्हणाली, "त्याचं घर मला दाखवू नका, गाडी दाखवू नका. फोनवर तो पाहुण्यासारखा बोलतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. आपल्या नादात असतो तसा एकदा दाखवा मला."

मी चौथी शिकलेला माणूस. सारा जन्म मोटारसायकलला दुधाच्या किटल्या बांधून वाड्यावस्त्या फिरलो. लिहिणं हा काही माझा धंदा नाही. पण दूध सोसायटीतली माणसं रोज विचारतात, आप्पा, अमेरिकेत काय बघितलं. एकदा लिहून टाकलं म्हणजे सुटलो.

आमचा संदीप टेक्ससमध्ये अर्विंगला असतो. विमानतळावर त्यानं मला एका हातानं मिठी मारली, दुसऱ्या हातात फोन होता. गाव म्हणावं तर गाव नाही, शहर म्हणावं तर रस्त्यावर माणूस नाही. सगळं गाडीतून. आपल्या माणसांच्या दुकानात गेलो तर कढीपत्त्यापासून गोठवलेल्या भाकरीपर्यंत सगळं मिळतं. ती भाकरी मी एकदाच खाल्ली. दुकानात एक पोरगा मराठीत बोलला, "काका, तुम्ही कुठले?" मी सांगायला लागलो तोवर त्याच्या फोनची रिंग वाजली आणि तो "एक मिनिट हं" म्हणून गेला तो गेलाच.

संदीप काही दिवस ऑफिसला जायचा, काही दिवस घरीच खोलीचं दार लावून संगणकासमोर. मी गच्चीत बसून खालच्या गाड्या बघायचा. एकदा जेवताना म्हटलं, "तुझ्या आईला तुला बघायचंय." तो म्हणाला, "दर रविवारी बघते की, आप्पा." मागून मिळतं ते मला नको असतं.

त्याच्याकडे मोटारसायकल आहे, काळी, म्हशीएवढी. एक दिवस तो आपणहून म्हणाला, "शनिवारी लाँग राइडला जाऊ या. कॅमेरा तुमच्या हेल्मेटवर लावू. तुम्हाला जे दिसेल ते आईला दिसेल." काडेपेटीएवढा कॅमेरा होता तो. रस्ता, डोंगर, टेकड्या असा त्याचा विचार होता. माझा विचार वेगळा होता. माझ्यासमोर तो बसला की तोच दिसणार होता.

शुक्रवारी दसरा होता. ऑफिसला जाताना त्यानं मला समजावून सांगितलं. हेल्मेट गोल, म्हणून कॅमेरा ज्यावर बसतो ती बाकदार बुडाची चिकटपट्टी घ्यायची. पाकिटातला ओला रुमाल काढून हेल्मेट पुसायचं, सुकू द्यायचं, मागचा कागद सोलून पट्टी दाबून बसवायची आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही. मी म्हटलं, "नुसत्या गोंदावर नको. ट्यूबची रबरी पट्टी असती तर मी असा आवळून दिला असता की पडायची बिशाद नाही. ते नाही तर दोरीनं तरी बांधू." कॅमेऱ्याच्या खोक्यात एक बारीक दोरी होती, ती त्याच कामाची. तो हसला. "आप्पा, ती दोरी व्हिडिओत मध्ये येते, फडफडते. चिल करा. हा गोंद खूप स्ट्राँग असतो."

तो गेल्यावर मी पाकीट फोडलं. रुमालाला दारूचा वास. आमच्याकडे दसऱ्याला विळा, कोयता, गाडी, ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. मी ती मोटारसायकल आणि दोन्ही हेल्मेटं पूजणार होतो, आणि पूजेच्या वस्तूला दारू लावणं माझ्या हातून होणार नव्हतं. रुमाल टाकून दिला. हेल्मेट पाण्यानं धुतलं, खोबरेल लावून चकचकीत केलं, कानाच्या वरच्या बाजूला कुंकवाचं बोट ओढलं. आरती झाल्यावर धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि तिथंच पट्टी दाबून बसवली. बसली. संध्याकाळी संदीपनं ओढून बघितली. "मस्त बसलीय, आप्पा."

शनिवारी सकाळी आम्ही पश्चिमेला निघालो. वेदरफर्डच्या पुढं इमारती संपल्या आणि मला जरा माणसात आल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना रँच (म्हणजे गुरांचे कुंपण घातलेले मळे), मैलच्या मैल काटेरी तार, मध्येच तेल उपसणारी यंत्रं माना खालीवर करत उभी. झाडं बघितली तर आपल्याकडची वेडी बाभूळ. मी मागून ओरडून विचारलं, "ही इथं कशी?" तो म्हणाला, "मेस्किट म्हणतात. मूळची इकडचीच." म्हणजे आमच्या ओढ्याकाठची सगळी जमीन खाल्ली ती या लोकांच्या देशातली. कितीतरी जण हेल्मेट न घालता, दाढ्या वाऱ्यावर सोडून गाड्या हाणत होते. येताजाता एकमेकांना हात खाली करून रामराम करतात. मीही केला.

मिनरल वेल्सच्या पुढं रस्त्याकडेला झाडाखाली सिमेंटचं टेबल होतं, तिथं डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी, घरची चटणी. मी हेल्मेट काढलं नाही.

"काढा ना आप्पा, उकडत नाही का? लोक बघतायत."

"बघू देत. मी त्यांचं काय खातोय?"

माझ्या हेल्मेटला तोंड उघडं होतं, घास जात होता. कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा चालू आहे हे मी मघाशी त्याच्याकडूनच विचारून घेतलं होतं. तो मात्र जेवताना विसरला. चटणी बोटाला लावून चाटली, आणि काय मनात आलं कोण जाणे, उठून उभा राहिला. कमरेवर हात, मान वाकडी, नाक आक्रसलेलं. "काय गं, पाणी दिसतंय होय तुला दुधात? मग आडावर जा की. तिथं नुसतं पाणीच मिळतं, आणि पैसे पण पडत नाहीत." हुबेहूब त्याची आई, दारात दूध विकताना बोलते तशी. मग ती गिऱ्हाईक बाई झाला, मग परत आई झाला, आणि मग हसायलाच लागला. टेबलावर डोकं टेकवून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दहावीच्या आधी असा हसायचा. त्यानंतर मी बघितला नव्हता. मी मान हलवली नाही. किटली भरताना धरतात तसं डोकं स्थिर धरून बसलो.

हसू ओसरल्यावर तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "आप्पा, मी काही परत यायचो नाही. इथंच राहणार. आईला तुम्ही सांगा."

"तुझ्या तोंडानं सांग."

"तिच्यासमोर मला बोलता येत नाही."

मी म्हटलं, बरं. माझ्या मनात होतं की आता बोलायची गरज नाही. हसणं आणि हे, दोन्ही कॅमेऱ्याच्या पोटात आहे. त्याच्या तोंडानंच ती ऐकेल.

परतीला तो गाडी जोरात हाणत होता. समोरून मोठाले ट्रक जात, हवेचा तडाखा बसे. एका ट्रकनंतर मला हेल्मेट हलकं वाटलं. हात वर न्यावा असं वाटलं, पण मागे बसून हालचाल करू नका, गाडी डगमगते, असं त्यानं निघताना दोनदा बजावलं होतं. मला गाडीवर बसायला शिकवणारा तो. मी हात खालीच ठेवला.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्यानं बघितलं. हेल्मेटवर पट्टीचं नुसतं चिकट सालपट राहिलं होतं, एका कडेनं लोंबणारं. त्यानं ते सोललं. मागची बाजू लालसर होती. त्यानं बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. खोबरेल त्याला कळायला वेळ लागायचा नाही. सालपट चुरगाळून त्यानं खिशात टाकलं. मी दोरीचं नाव काढलं नाही.

मागं फिरलो. तो रस्त्याच्या एका कडेनं चालला, मी दुसऱ्या. गुडघ्याएवढं वाळकं गवत, बियरचे डबे, टायरच्या चिंध्या. मी तारेपलीकडे वाकून बघत होतो तर एक पिकअप येऊन थांबली. माझ्याच वयाचा गोरा म्हातारा, डोक्यावर गवताची टोपी. जमीन त्याचीच. आम्ही काय शोधतोय विचारलं, संदीपनं सांगितलं, तर तो गाडीतून काठी काढून आमच्याबरोबर गवत चाळायला लागला. साप असतात, हळू, असं मला खुणेनं सांगितलं. बऱ्याच वेळानं घाम पुसत त्यानं विचारलं, त्यात काही महत्त्वाचं होतं का?

संदीप म्हणाला, "नो, सर. जस्ट अ कॅमेरा."

एवढं इंग्रजी मला कळतं. त्या म्हाताऱ्यानं संदीपकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, आणि परत काठी घेऊन गवतात उतरला. ऊन कलल्यावर त्यानंच हात वर केले. जाताना मला सलाम ठोकला.

घरी आल्यावर संदीप म्हणाला, "जाऊ दे आप्पा, नवीन मागवतो. दोन दिवसांत येतो." मी म्हटलं, मागव. नवीन आला, त्यानं स्वतः दारूच्या रुमालानं पुसून लावला, दोरीही बांधली. पुन्हा फिरायला गेलो. तलाव दाखवला, पूल दाखवला. कॅमेऱ्यासमोर तो म्हणाला, "हाय आई, हे बघ किती मस्त व्ह्यू आहे." तेवढी फिल्म त्यानं मला फोनमध्ये घालून दिली. आईची नक्कल परत कर, असं मी म्हणालो नाही. आणि म्हणालो असतो तरी त्यानं केली असती ती माझ्यासाठी केली असती.

परत आलो. मंडळींनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि समोर बसली. मी आधी ते सांगून टाकलं. तो यायचा नाही, तिकडंच राहणार. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. दुसरं काय?"

फोनमधला तलाव दाखवला. तिनं पूर्ण बघितला नाही.

मग मी उभा राहिलो. कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली, आणि दुधातल्या पाण्याचं ते सगळं बोलून दाखवलं, शब्द न शब्द. बोलताना माझ्याच कानाला ते भांडण वाटत होतं. हसायच्या जागेला आलो आणि तिथं मला काही करता येईना. नुसता उभा राहिलो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपबशी उचलत म्हणाली, "मी असं बोलते ते खरं. पण तो कसा हसला ते तुम्हाला नाही यायचं. बसा आता."