सिस्टरने मला विचारलेला प्रश्न

लेक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने मला वॉर्डात बोलावलं. बायको, सासूबाई, माझी आई, सगळ्या तिथेच होत्या. सिस्टरने पोर माझ्या हातात दिली आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुले राग येस का?"

मला तो अपमानच वाटला. प्रकाशा गावाजवळ आमची पपईची शेती. गावात माझ्याविषयी कुणी वावगं बोलत नाही. मी म्हटलं, "नाही."

"पोर तासभर रडली. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, तरी थांबेना. मंग काय करशी?"

"तिच्या आईला हाक मारीन."

वॉर्डातल्या बायका हसल्या. सिस्टरही हसली, पण तिने मला सोडलं नाही. "आणि आईच तापाने पडली असली तर?"

मी माझ्या आईकडे पाहिलं. मग मी काय पिकवतो ते विचारून तिने सांगितलं, पिकली पपई जोरात हलवली तर साल तशीच राहते, आत मात्र लगदा होतो. तान्ह्या बाळाचं डोकं तसंच. हात शिवशिवले की बाळाला पाळण्यात ठेवायचं, बाहेर जायचं, पाणी प्यायचं, कुणाला तरी बोलवायचं. जाताना तिने आपला नंबरही दिला.

महिन्याभराने नेमकं तेच झालं. बायको तापाने निजलेली, आई शेतात, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, आणि पोर दुपारपासून टाहो फोडत होती. गाणी म्हटली, फेऱ्या मारल्या. शेवटी दोन्ही काखांत धरून मी तिला समोर उचललं, आणि माझी बोटं आवळली गेलीत हे मला कळलं. मी घाबरलो. तिला पाळण्यात ठेवलं, अंगणात येऊन डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि फोन लावला.

"सिस्टर, मी तिला हलवणार होतो."

"हलवलंस?"

"नाही. पाळण्यात ठेवली."

"शाबास रे भाऊ!" अशी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती. "आता आईला बोलावून घे. तोवर डोकावून बघत राहा. बायकोचा ताप बघायला मी येतेच."

आई धावत आली, तिने पोरीला हातावर पालथं घेतलं. संध्याकाळी सिस्टर आली. बायकोला तपासलं, गोळ्या दिल्या, पोरीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग मला म्हणाली, "आईले बी सांग काय झालं ते."

मी सांगितलं. आई रागावेल असं वाटलं होतं. तिने पोरीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तू तान्हा व्हता तवय मी बी एकदाव तुले खाटवर जोरमा टाकं व्हतं. मन्हाजोडे असं सांगाले कोनी सिस्टर नव्हती." आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवसापासून पोरीला घ्यायच्या पाळ्या ठरल्या. दुपार माझी.

दीड महिन्याची लस अंगणवाडीत होती. सिस्टरने पोरीला झोळीत घालून वजनकाट्याला लावलं, आकडा वाचायला वाकली, आणि पोरगी तिच्याकडे बघून तोंडभर हसली. जन्मातलं पहिलं हसू!

"अगं, बाप इकडे उभा आहे," मी म्हटलं.

"मग तूही वाक की," सिस्टर म्हणाली.

मी वाकलो. पोरगी माझ्याकडे बघूनही हसली. नंतर सुई टोचली म्हणून ती घरापर्यंत रडली, आणि मी तिला छातीशी धरून घरापर्यंत मोठ्याने गात गेलो.